बालनटाचे वयात येणे : सचिन, महेश कोठारे आणि मराठी विनोदी चित्रपट

जुन्या मराठी नाट्यव्यवसायात मुलगा मंडळीत गेला म्हणजे तो घरातून गेला असे समजले जाई. मंडळीचे बिऱ्हाड हेच त्याचे घर, तालीममास्तर हाच त्याचा पालक, आणि गळा फुटेपर्यंतचा काळ हीच त्याच्या कीर्तीची मुदत. या मुदतीच्या पलीकडे जे गेले त्यांची नावे इतिहासात राहिली. देवलांच्या 'शारदा' नाटकातील नायिकेच्या भूमिकेने पोरवयात गाजलेले केशवराव भोसले १९०८ मध्ये 'ललितकलादर्श' मंडळीचे संस्थापक झाले. किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून मास्टर दीनानाथांनी १९१८ मध्ये 'बळवंत संगीत मंडळी' काढली. बालनटाने मोठे होऊन मंडळीचा मालक व्हावे, हा मराठी रंगभूमीवर एक रुळलेला मार्ग होता. लहानपणी ज्याने दुसऱ्याच्या शिस्तीत उभे राहायचे, त्याने पुढे स्वतः शिस्त लावावी, असा हा क्रम होता.

चित्रपटाने हा मार्ग बंद केला नाही, पण अधिक बिकट केला. रंगभूमीवरील बालनटाचे बालपण त्याच्या शरीराबरोबर नाहीसे होते. प्रेक्षकांच्या आठवणीखेरीज त्याचा पुरावा उरत नाही. चित्रपटातील बालनटाचे बालपण मात्र फितीवर कायम राहते. तो वीस वर्षांचा झाला, चाळीस वर्षांचा झाला, तरी पाच वर्षांचा तो मुलगा कोठे ना कोठे दाखविला जातच असतो, आणि प्रेक्षक त्या मुलाची व या माणसाची तुलना करीत असतात. या तुलनेत बहुतेक जण हरतात. सचिन पिळगांवकर आणि महेश कोठारे हे दोन मराठी नट या तुलनेतून निभावून नेऊन चित्रपट-दिग्दर्शक झाले, एवढेच नव्हे तर १९८०च्या दशकात मराठी विनोदी चित्रपटाला त्यांनी नवे वळण दिले. त्यांच्या चित्रपटांविषयी आपल्याकडे आठवणी पुष्कळ सांगितल्या जातात. समीक्षा मात्र फारशी झालेली नाही. लोकप्रिय विनोदाकडे पाहताना अभ्यासकांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा संकोच असतो, आणि त्या संकोचामुळे काही महत्त्वाच्या गोष्टी नजरेतून सुटल्या आहेत.

दोघांचा चित्रपटप्रवेश १९६०च्या दशकाच्या आरंभीचा. सचिन राजा परांजपे यांच्या 'हा माझा मार्ग एकला'मधून आला तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांचा होता. महेश कोठारे राम गबाले यांच्या 'छोटा जवान' (१९६३) या चित्रपटातून पुढे आला. राजा परांजपे हे नाव येथे केवळ योगायोगाचे नाही. 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे' (दोन्ही १९५२) या चित्रपटांनी पांढरपेशा, सुसंस्कृत, शाब्दिक कोट्यांपेक्षा प्रसंगांवर उभा असलेला विनोद मराठी पडद्यावर स्थिर केला, आणि त्याचा कर्ता हा स्वतः उत्तम नट असलेला दिग्दर्शक होता. त्याही आधी 'ब्रह्मचारी' (१९३८) आणि 'ब्रँडीची बाटली' (१९३९) या आचार्य अत्रे यांच्या लेखणीतून उतरलेल्या चित्रपटांचे दिग्दर्शक मास्टर विनायक हेही नटच होते. नटाने कॅमेऱ्याच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे उभे राहण्याची परंपरा मराठी विनोदी चित्रपटाला अशी जुनी आहे. सचिनने ती परंपरा वाचून किंवा पाहून नव्हे, तर तिच्या एका प्रमुख कर्त्यासमोर उभे राहून अनुभवली.

परंतु गंमत अशी की, पुढे ज्यांनी विनोदाचा संसार मांडला त्या दोघांनाही बालपणी हसविण्याचे काम फारसे मिळालेच नाही. त्या काळच्या भारतीय चित्रपटात मूल हे प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणण्याचे हमखास साधन होते. मूल अनाथ असायचे, आजारी असायचे, चुकलेले असायचे. प्रौढांच्या जगातील पाप त्याच्या निरागस चेहऱ्यासमोर उघडे पडायचे. सचिनची 'मझली दीदी' (१९६७) या हृषीकेश मुखर्जी यांच्या चित्रपटातील भूमिका या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. शरच्चंद्रांच्या कथेतील तो पोरका, उपाशी, सावत्र बहिणीच्या घरी ओझे होऊन राहिलेला मुलगा, आणि त्याच्यावर माया करणारी मीनाकुमारीची दीदी. शरच्चंद्रांच्या करुणेत भावविवशतेचा धोका नेहमीच असतो. मुलाने एक अश्रू जास्त ढाळला तरी प्रसंग ओघळून जातो. सचिनच्या अभिनयात तेव्हाही एक नेमकेपणा आहे. तो रडण्यापेक्षा रडू आवरण्याकडे अधिक लक्ष देतो. हा नेमकेपणा त्या वयात उपजत असतो की शिकविलेला असतो, हा प्रश्न सोडविता येणार नाही. पण विनोदी नटाला जे कालभान लागते त्याची पूर्वतयारी अशा आवरण्यात झाली असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे.

महेश कोठारे यांच्या 'राजा और रंक' (१९६८) या हिंदी चित्रपटाचे महत्त्व निराळ्या कारणासाठी. मार्क ट्वेनच्या राजपुत्र आणि भिकाऱ्याच्या प्रसिद्ध कथेवरून घेतलेल्या या चित्रपटात त्यांची दुहेरी भूमिका होती. कपडे बदलताच माणसे आपल्याला वेगळे समजू लागतात, पोशाख हाच माणसाचा परवाना आहे, हे सत्य त्या कथेच्या गाभ्याशी आहे. विनोदी नाट्याचा सगळा व्यापार याच सत्यावर चालतो. शेक्सपिअरच्या सुखात्मिका असोत की आपल्या तमाशातील वग असो, वेषांतर आणि त्यातून उद्भवणारा गैरसमज यांवाचून प्रहसनाचे पान हलत नाही. ज्याने बाराव्या-पंधराव्या वर्षापूर्वी राजा आणि रंक दोन्ही वठविले, त्याने मोठेपणी पहिला चित्रपट काढताना वेषांतराचीच कथा निवडावी, यात एक अंतर्गत संगती दिसते. 'धूमधडाका' (१९८५) हा तो चित्रपट.

या दोन टोकांमधील वर्षे मात्र दोघांची अगदी भिन्न गेली. कोठारे यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. सचिन हिंदीत तरुण नायक झाला, आणि तेही एका विशिष्ट प्रकारचा नायक. 'गीत गाता चल' (१९७५), बिमल कर यांच्या बंगाली कादंबरीवरील 'बालिका बधू' (१९७६), 'अँखियों के झरोखों से' (१९७८), केशवप्रसाद मिश्र यांच्या 'कोहबर की शर्त' या कादंबरीवरील 'नदिया के पार' (१९८२) ही नावे पाहिली तरी त्या नायकाची जात कळते. तो गावाकडचा, निर्व्याज, गाणारा, स्त्रीसमोर लाजणारा आहे. हिंदी चित्रपटात त्याच काळी संतप्त तरुणाचा उदय झाला होता. 'शोले' (१९७५)मध्ये सचिनच्या वाट्याला आला तो अंध इमामाचा मुलगा अहमद, म्हणजे मारला जाणारा कोवळा मुलगा. प्रेक्षकांनी आणि निर्मात्यांनी मिळून त्याला मोठे होऊ दिले नाही, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. पंचविशी आली तरी पडद्यावर तो कुणाचा तरी धाकटा भाऊच होता. 'सत्ते पे सत्ता' (१९८२)मधील सात भावांमध्येही तो थोरला नाही.

याच वर्षी त्याने 'मायबाप' हा मराठी चित्रपट दिग्दर्शित केला. बालनटाला मोठेपण मिळवायचे असेल तर ते दुसऱ्याच्या पटकथेत मिळत नाही, हे त्याने ओळखले असावे.

१९८०च्या दशकातील मराठी चित्रपटाची स्थिती येथे लक्षात घेतली पाहिजे. एका बाजूला जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा' (१९८२)सारखा विचारप्रवण चित्रपट होता. दुसऱ्या बाजूला 'सोंगाड्या' (१९७१)पासून दादा कोंडके यांनी लोकनाट्यातील सोंगाड्याला पडद्यावर आणून ग्रामीण आणि श्रमिक प्रेक्षक जिंकला होता. या दोहोंच्या मध्ये शहरात राहणारा, नोकरी शोधणारा, भाड्याच्या खोलीत दिवस काढणारा कनिष्ठ मध्यमवर्गीय तरुण पडद्यावर जवळजवळ अनुपस्थित होता. राजा परांजपे यांच्या चित्रपटांनंतर त्याच्याकडे कोणी फारसे हसतमुखाने पाहिले नव्हते. 'धूमधडाका', 'गंमत जंमत' (१९८७), 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) यांनी ही जागा भरून काढली. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे हे दोन असामान्य नट या चित्रपटांना लाभले हे खरेच. पण नट लाभणे आणि नटांना जागा करून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बालपणापासून इतरांच्या चौकटीत उभे राहिलेल्या दिग्दर्शकाला चौकटीत कोणाला किती जागा लागते याचे ज्ञान असते.

'अशी ही बनवाबनवी' हा या सगळ्या प्रवाहातील सर्वांत सुघटित चित्रपट. त्याचे लेखक वसंत सबनीस होते ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. ज्या सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या वगाने दादा कोंडके यांना रंगभूमीवर उभे केले, त्याच सबनिसांची लेखणी येथे पुण्यातील भाडेकरूंच्या संसारात वावरते. लोकनाट्यातील हजरजबाबीपणा त्यांनी शहरी बोलीत असा मुरविला आहे की त्याचे मूळ चटकन जाणवत नाही. कथेचे बीज मात्र हृषीकेश मुखर्जी यांच्या 'बीवी और मकान' (१९६६) या चित्रपटातले, आणि त्याच्याही मागे एक बंगाली प्रहसन आहे. म्हणजे ज्या दिग्दर्शकाने 'मझली दीदी'त सचिनला रडविले, त्याच्याच आदल्या वर्षीच्या, फारशा न चाललेल्या विनोदी चित्रपटाला सचिनने बावीस वर्षांनी मराठीत नवा जन्म दिला. असा गुरुऋणाचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

चार तरुण, डोक्यावर छप्पर नाही, आणि घरमालकीण जागा देणार ती जोडप्यांनाच. म्हणून दोघांनी लुगडी नेसायची. या कथेत हसू आहे ते स्त्रीवेषातील पुरुषांचे, हे वरवरचे म्हणणे झाले. हसण्याच्या बुडाशी एक साधी, कोरडी टंचाई आहे. घर मिळविण्यासाठी माणसाला स्वतःचे नाव, नाते, अखेर लिंगही बदलावे लागते. सुधीर जोशी यांनी रंगविलेला घरमालक सरपोतदार खलनायक नाही. तोही एक हिशेबी, चिडका, ओळखीचा पुणेकर आहे. नयनतारा यांच्या लीलाबाई काळभोर यांचा भाबडेपणा हास्यास्पद केलेला नाही. फसविले जाणाऱ्या माणसाची अप्रतिष्ठा न करता फसवणुकीचा विनोद रचणे ही अवघड गोष्ट आहे, आणि ती येथे साधली आहे. इतर अनेक प्रहसनांत ती साधत नाही म्हणूनच ती एकदा पाहून विसरली जातात.

सचिनने या चित्रपटात स्वतःसाठी सुधीर आणि सुधा ही दुहेरी भूमिका राखली. लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती अंगाने, चालीने, आवाजाने सतत आपले सोंग उघडे पाडते. प्रेक्षक त्या उघडेपणालाच हसतो. सचिनची सुधा त्याच्या उलट आहे. ती जवळजवळ खरी वाटते. मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिकेची जी शंभर वर्षांची साधना झाली तिचा एक क्षीण धागा या सुधेत सापडतो. व्ही. शांताराम यांच्या संस्थेची ही निर्मिती आहे. आणि शांतारामबापू स्वतः पोरवयात गंधर्व नाटक मंडळीत काही काळ होते, हे आठवले म्हणजे हा धागा नुसता कल्पनेचा वाटत नाही. मात्र येथे एक आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. पुरुषांनी रंगविलेल्या या दोन 'स्त्रिया' जितक्या जिवंत आहेत तितक्या चित्रपटातील खऱ्या नायिका नाहीत. अश्विनी भावे यांच्या माधुरीला एक व्यवसाय आहे, अधिकार आहे. ती थोडी वेगळी उठून दिसते. इतरांच्या वाट्याला फसणे आणि शेवटी क्षमा करणे एवढेच येते. हा उणेपणा त्या दशकातील सर्वच विनोदी चित्रपटांचा आहे, आणि तो या चित्रपटकर्त्यांनी पुढेही फारसा भरून काढला नाही.

याच संदर्भात आणखी एक बाब. मास्टर विनायक यांची कन्या नंदा ही बेबी नंदा म्हणून पडद्यावर आली आणि पुढे हिंदीतील मान्यवर नायिका झाली. तिच्यासारख्या किती तरी मुली बालनटी म्हणून राबल्या. त्यांपैकी नायिका झालेल्या पुष्कळ सापडतात. दिग्दर्शकाच्या खुर्चीपर्यंत पोचलेल्या शोधाव्या लागतात. बालनटाचे मालक होणे ही जी परंपरा आरंभी सांगितली, ती मुलग्यांची परंपरा आहे.

कोठारे यांची वाट सचिनहून वेगळी फुटते ती येथे. 'धूमधडाका' हा 'प्यार किये जा' (१९६६) या हिंदी चित्रपटाचा, आणि त्यामागील श्रीधर यांच्या 'कादलिक्क नेरमिल्लै' (१९६४) या तमिळ चित्रपटाचा मराठी अवतार. त्यात चित्रपट काढण्याच्या खुळाने पछाडलेला लक्ष्या आणि त्याचा हैराण बाप, म्हणजे शरद तळवलकर, ही जोडी सर्वाधिक रंगते. राजा परांजपे यांच्या पिढीतील नट आणि नव्या पिढीचा विदूषक समोरासमोर बसलेले असताना मराठी विनोदाचे दोन काळ एका चौकटीत आलेले दिसतात. पण कोठारे स्वतः त्या विनोदात उतरत नाहीत. 'दे दणादण' (१९८७), 'थरथराट' (१९८९), 'धडाकेबाज' (१९९०), 'झपाटलेला' (१९९३) या सर्व चित्रपटांत त्यांनी स्वतःसाठी ठेवली ती सरळ, धाडसी, न्यायप्रिय नायकाची भूमिका, बरेचदा पोलीस अधिकाऱ्याची. हसविण्याचे काम त्यांनी लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याकडे सोपविले. बालपणी मिळालेली नायकाची प्रतिष्ठा सोडण्यास मन तयार नसावे, असे हे चित्रपट पाहताना वाटत राहते. सचिनने सुधेच्या लुगड्यात ती प्रतिष्ठा पणाला लावली. नट म्हणून दोघांच्या विनोदी कर्तृत्वातील फरक याच एका निर्णयात आहे.

दिग्दर्शक म्हणून मात्र कोठारे यांची कल्पनाशक्ती अधिक धाडसी आहे. तंत्राचे त्यांना विलक्षण आकर्षण. 'धडाकेबाज' हा मराठीतील पहिला सिनेमास्कोप चित्रपट मानला जातो. २०१३ मध्ये 'झपाटलेला २' त्यांनी त्रिमिती तंत्रात आणला. त्यांच्या कथांवर परदेशी चित्रपटांची छाया स्पष्ट असते आणि ती झाकण्याचा त्यांनी फारसा आटापिटाही केलेला नाही. तरीही 'झपाटलेला'मधील तात्या विंचू ही निर्मिती केवळ उसनी म्हणता येत नाही. दिलीप प्रभावळकर यांनी रंगविलेला गुन्हेगार मरतो आणि त्याचा आत्मा रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यात शिरतो. पोराएवढ्या देहातून एक बनेल, विखारी प्रौढ बोलू लागतो. गावजत्रेतील बोलक्या बाहुल्यांशी, भुताखेतांच्या गोष्टींशी, मंत्रतंत्राच्या भीतीशी मराठी मुलांचे जे नाते आहे ते या बाहुल्याने अचूक पकडले. बालनटाचे दुखणे याहून चांगल्या रूपकात क्वचितच मांडले गेले असेल. बालनट म्हणजे तरी काय, लहानशा शरीरात मोठ्यांनी लिहिलेली वाक्ये. कोठारे यांना हे रूपक जाणिवेने सुचले असेल असे नाही. कलावंताला अशा गोष्टी जाणिवेने सुचतातच असेही नाही.

त्यानंतरच्याच वर्षी, 'माझा छकुला' (१९९४)मध्ये, त्यांनी आपल्या लहान मुलाला, आदिनाथला, कॅमेऱ्यासमोर उभे केले. या चित्रपटातील मूल 'राजा और रंक'च्या काळातील मुलासारखे रडत नाही. ते गुंडांना चकविते, खोड्या काढते, आपले रक्षण आपण करते. एका बालनटाने दिग्दर्शक होऊन दुसऱ्या बालनटाला कोणते काम द्यावे, याचे हे उत्तर पाहण्यासारखे आहे. चित्रपट कलादृष्ट्या थोर नाही, त्यातील आरडाओरड पुष्कळदा त्रासदायक होते; पण मुलाकडे बघण्याच्या दृष्टीत पडलेला हा फरक मराठी चित्रपटाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवला पाहिजे. कोठारे यांनी हाच चित्रपट 'मासूम' (१९९६) या नावाने हिंदीतही केला.

सचिनची नंतरची दिग्दर्शनाची वाटचाल चढउतारांची आहे. यशाची पुनरावृत्ती करण्याचा मोह त्याला आवरला नाही. 'सत्ते पे सत्ता'मध्ये धाकटा भाऊ असलेल्या नटाने २००८ मध्ये 'आम्ही सातपुते' काढावा, हे मागे वळून पाहणेच होते, आणि अशा वळून पाहण्यातून नवे काही हाती लागत नाही. 'नवरा माझा नवसाचा' (२००४) मात्र वेगळा. गणपतीपुळ्याला निघालेली एस. टी. बस, अशोक सराफ यांचा अविस्मरणीय कंडक्टर, आणि नायकापुढचा पेच असा, की त्याच्या जन्मावेळी वडिलांनी बोललेला नवस फेडण्यासाठी या वाढलेल्या माणसाने देवासमोर नागव्याने जायचे. तान्ह्या मुलासाठी जे सहज होते ते प्रौढाच्या माथी आले की त्याचे प्रहसन होते. बालपणीचे देणे मोठेपणी फेडण्याची ही कल्पना ज्याला सुचली तो बालनट होता, हे प्रेक्षकांच्या ध्यानात आले नसेल. ते हसण्यात गुंतले होते. लक्ष्मीकांत बेर्डे त्याच वर्षीच्या डिसेंबरात गेले, आणि या प्रवाहातील निम्मी ऊर्जा त्यांच्याबरोबर गेली.

सचिनच्या अभिनयाची सर्वांत कठीण कसोटी मात्र त्याच्या स्वतःच्या दिग्दर्शनात लागलेली नाही. पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या नाटकावरून सुबोध भावे यांनी केलेल्या 'कट्यार काळजात घुसली' (२०१५)मध्ये तो खाँसाहेब आफताब हुसेन झाला. मत्सराने पोळलेला, आपल्या विद्येचा अभिमान आणि आपल्या कृत्याची लाज एकाच वेळी वागविणारा हा गवई साकारताना त्याने चेहऱ्यावरचे ते जुने, सर्वांना आवडणारे हसू प्रथमच पूर्णपणे बाजूला ठेवले. पुन्हा एकदा तो दुसऱ्याच्या शिस्तीत उभा होता, राजा परांजपे यांच्यासमोर उभा राहिला होता त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी, आणि या वेळी चौकटीत धाकटा तो नव्हता.